स्टील वूलपासून फेरिक क्लोराइड, माझा अनुभव

आजोबा मोडी लिपीत सही करायचे, ती मला तांब्याच्या पत्र्यावर कोरून हवी होती, आणि तांबं खाणारं फेरिक क्लोराइडचं द्रावण तयार मिळत असलं तरी मला ते लोखंड आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडपासून स्वतः करून बघायचं होतं.

आमचं घर वडोदऱ्यात, दांडिया बाजारात. सगळं काम गच्चीवरच केलं, कारण लोखंडावर अ‍ॅसिड पडलं की हायड्रोजन सुटतो, तो ठिणगीने पेटतो, शिवाय अ‍ॅसिडची वाफ नाकाडोळ्यांत जाते. गॉगल आणि रबरी हातमोजे हवेतच.

आधी स्वयंपाकघरातली तारेची घासणी घेतली, लोहचुंबक चिकटला म्हणजे साधं लोखंड असं मला वाटलं. पण स्टेनलेसच्या काही जातींनाही चुंबक चिकटतो, आणि त्यातलं क्रोमियम द्रावणात नको. शंका आली म्हणून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवली तर सकाळी तशीच चकचकीत! मग हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिशवाल्यांचं स्टील वूल, म्हणजे बारीक लोखंडी तारांचा गुंता, आणलं, ते एका रात्रीत गंजलं. अ‍ॅसिड देताना दुकानदाराने ओळखपत्र बघून रजिस्टरमध्ये नोंद केली, 2013 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून तो नियमच आहे आणि तो पाळायलाच हवा.

10 ग्रॅम लोखंडाला 30 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड साधारण 38 मिली लागतं. मी वूल साबणाने धुऊन तेल काढलं, काचेच्या बरणीत आधी पाणी, त्यात अ‍ॅसिड, मग वूल थोडं थोडं, आणि झाकण घट्ट लावलं नाही. बारीक बुडबुडे, उग्र वास, वर काळा कार्बनचा साका. दुसऱ्या दिवशी बुडबुडे थांबले तरी तळाशी थोडं वूल उरलेलं, म्हणजे अ‍ॅसिड संपलं. नरसाळ्यात कापूस घालून गाळलं तर खाली कैरीच्या सालीसारखं फिकट हिरवं पाणी, हे फेरस क्लोराइड, फेरिकच्या आधीची पायरी, फार सुंदर रंग, पण हवा लागली की कडेने पिवळट व्हायला लागतं.

फेरिक करायला आणखी निम्मं अ‍ॅसिड घातलं आणि मेडिकलमधलं 6 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, 50 मिलीच्या आसपास, थेंब थेंब. प्रत्येक थेंबाला तपकिरी ढग उठायचा, बरणी गरम व्हायची, हात थांबवून थांबवून घालावं लागलं. आटवून कोरडं करायला गेले नाही, तापवलं की अ‍ॅसिडची वाफ सुटते आणि गंजासारखा गाळ उरतो.

एक नुकसान झालं, बरणी जिथे ठेवली त्याच्या शेजारच्या कपाटातले बाबांचे पाने आणि पकड आठवड्यात गंजले, अ‍ॅसिडच्या वाफेनेच. अजून वाईट वाटतं.

पत्र्याला सगळीकडे नेलपेंट लावून सही सुईने खरवडली आणि पत्रा द्रावणात पालथा ठेवला, म्हणजे खरवडलेल्या जागी तांबं खाल्लं जातं आणि गाळ खाली पडतो. वापरलेल्या द्रावणात तांबं असतं, ते मोरीत ओतायचं नाही, धुण्याचा सोडा घालून गाळ वेगळा काढून ठेवलाय. पाऊण तासाने पत्रा धुऊन नेलपेंट पुसलं तर आजोबांच्या सहीची शेवटची वेलांटी नखाला लागत होती.