३१,४८० रुपये कसे भरले

प्रेसमध्ये नोकरी केली. नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की पुरतं, नोटांची की स्टॅम्पांची हे ज्याचं त्याला कळतं. आमची नोटांची. उभं आयुष्य नोटांच्या थप्प्या बघण्यात गेलं आणि आता आयकर भरताना एका नोटेला हात लागत नाही, याची मला दर जुलैला गंमत वाटते.

पेन्शनवरचा कर परस्पर कापला जातो. घोळ होतो एफडीच्या व्याजाचा. बँक त्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे कर आधीच, कापते, मी जुन्या करपद्धतीत २० टक्क्यांत बसतो. साठीपुढच्या माणसाला धंद्याचं उत्पन्न नसेल तर आगाऊ कराचे हप्ते भरावे लागत नाहीत, म्हणून राहिलेलं सगळं एकदम अंगावर येतं. २०२५ मध्ये आकडा निघाला ३१,४८०. रिटर्नची मुदत तेव्हा १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती, पण देणं डोक्यावर असलं की मला झोप लागत नाही.

मुलाचा पुण्याहून फोन. “बाबा, क्रेडिट कार्डावर भरा, पॉइंट मिळतील. पैसेही महिनाभर वापरायला.”

ऐकायला बरं वाटलं. मग कागद घेतला. आयकराच्या पोर्टलवर कार्डाला सुमारे एक टक्का शुल्क दिसत होतं, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३७१ रुपये. पॉइंटांचं बघावं म्हणून कार्डाची बारीक अक्षरातली माहिती भिंग लावून वाचली, तर सरकारी देण्यांवर पॉइंटच नाहीत! पोराला कळवलं. तो म्हणाला, “मग यूपीआय करा.” हे आधीच सुचलं असतं तर माझं भिंग वाचलं असतं.

यूपीआयला शुल्क नाही, आणि कर भरण्यासाठी मर्यादा २०२४ पासून पाच लाखांची झालीय. पण माझा फोन आदल्याच दिवशी बदललेला. नव्या फोनवर पहिले चोवीस तास पाच हजारांच्या वर पैसे जाईनात. हिने विचारलं, “अहो, मग उद्या भरा ना.” थांबलो असतो तरी काही बिघडलं नसतं, पण बसलोच होतो.

बँकेत जाऊन भरायचा मार्गही आहे. पोर्टलवर चलन, म्हणजे कर भरायचा फॉर्म, तयार करून काउंटरवर चेक द्यायचा किंवा एनईएफटी करायची. त्या चलनाचा सीआरएन, म्हणजे संदर्भ क्रमांक, पंधरा दिवस चालतो. मुक्तिधाम मंदिराकडे फिरायला येणारे आमचे एक मित्र अजून चेकच देतात. शिक्का उमटल्याशिवाय पैसे गेले असं त्यांना वाटतच नाही. मला पटतं ते, पण जुलैच्या पावसात रांग नको.

शेवटी नेट बँकिंग. माझी बँक यादीत होतीच, शुल्क शून्य.

खरं सांगायचं तर मार्ग कुठलाही घ्या, मला धास्ती असते त्याआधीच्या पानाची. २०२२ मध्ये मी वर्ष चुकवलं होतं. उत्पन्न २०२१-२२ चं म्हणून तेच वर्ष निवडलं, पण तिथे विचारतात करनिर्धारण वर्ष, ते एक पुढचं असतं, २०२२-२३. पैसे गेले, पावती आली, आणि काही महिन्यांनी कर भरलाच नाही म्हणून मागणीची नोटीस. अर्ज घेऊन गडकरी चौकातल्या आयकर कार्यालयात खेपा घातल्या. चूक माझीच, कुणावर चिडणार? हल्ली चलनाची दुरुस्ती पोर्टलवरच करता येते, पण वर्ष चुकलं असेल तर सात दिवसांच्या आत करावी लागते.

म्हणून या वेळी हिला शेजारी बसवलं. मी मोठ्याने वाचायचं, तिने बोट ठेवून बघायचं. करनिर्धारण वर्ष २०२५-२६. प्रकार, सेल्फ असेसमेंट म्हणजे राहिलेला कर, कोड ३००. आगाऊ कराचा १०० नव्हे. रक्कम. पॅन. तिने दोनदा मान डोलावली तेव्हा बटण दाबलं.

पावतीवरचा बँकेच्या शाखेचा सात अंकी बीएसआर कोड आणि चलनाचा क्रमांक रिटर्नमध्ये टाकायला लागतो, म्हणून लगेच प्रिंट काढली आणि फाइलला लावली, २०२२ च्या पावतीच्या वर. दुपारी पोराचा मेसेज आला, “किती पॉइंट मिळाले?”