खिडकीतून ऐकलेली मॅच

४ ऑक्टोबर २०२३, बुधवार. माझी नाइट होती. हँडओव्हर संपवून औषधांची ट्रॉली घेऊन मी खोलीत शिरले, तर खिडकीजवळच्या खाटेवरचे आजोबा उशांना टेकून, डोळे मिटून बसलेले. खुब्याच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. झोपलेत असं समजून मी हलक्या पावलांनी पुढं गेले, तशी त्यांनी डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवलं. मीही थांबले. आणि बाहेरून तो आवाज आला. पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी चढायला लागलं की पुलावर उभं राहून जो आवाज पोटात जाणवतो, तसा.

आजोबांनी एक बोट वर केलं. "एक झाला, पेट."

इथली म्हातारी माणसं आम्हा नर्सेसना 'पेट' म्हणतात. आपल्याकडं 'पोरी' म्हणतात तितक्याच मायेनं.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या आमच्या रॉयल व्हिक्टोरिया इन्फर्मरी या रुग्णालयाच्या एका अंगाला लीझेस पार्क हे उद्यान आहे आणि त्याच्या पलीकडं सेंट जेम्स पार्क, न्यूकॅसल युनायटेड या फुटबॉल संघाचं स्टेडियम. त्या रात्री तिथं पॅरिस सेंट-जर्मेनचा संघ आला होता. चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या अव्वल संघांच्या स्पर्धेची मॅच या मैदानावर वीस वर्षांनी होत होती. आजोबांकडं रेडिओ नव्हता, फोन कपाटात होता. ते नुसते ऐकत होते. उमेदीची वर्षं टाइन नदीकाठच्या जहाजाच्या कारखान्यात काढलेला माणूस. दुसऱ्या गोलला दोन बोटं, मध्यंतरानंतर तीन. मग एकदा वेगळंच काही ऐकू आलं. उंचावरून, बारीक, एका कोपऱ्यातून आल्यासारखं. आणि बाकी सगळं गप्प. "तो त्यांचा," आजोबा म्हणाले. पाहुण्या संघाच्या लोकांना लीझेस बाजूच्या स्टँडमध्ये अगदी वरच्या मजल्यावर बसवतात. हे मला नंतर कळलं. त्यांना ते आवाजावरून ठाऊक होतं.

चौथा गोल अगदी शेवटी झाला. तोवर औषधानं त्यांना झोप लागली होती. सकाळी सहाला बीपी घ्यायला गेले तेव्हा मी न बोलता चार बोटं दाखवली. त्यांनी ती चारही बोटं मुठीत धरली आणि बराच वेळ सोडली नाहीत.

त्या सकाळी घरी जाताना मला माझ्या आजीची इतकी आठवण आली, की हे कधीतरी लिहून काढायचं हे तेव्हाच ठरलं.

आजीचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत. शाहू स्टेडियम तिथून इतकं जवळ, की मॅचच्या दिवशी आमच्या दारात अनोळखी माणसांच्या सायकली लागायच्या आणि आजी त्यांच्यावर नजर ठेवायची. जिथं आज स्टेडियम आहे तिथं पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. तळं बुजलं, रावणेश्वर शेजारी राहिला. आमच्याकडच्या संघांची नावं बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतात: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. तालमीच्या लाल मातीत वाढलेल्या पोरांनी फुटबॉल उचलला आणि तालमीचं नाव तसंच ठेवलं. पेठ म्हणजेच संघ. मॅचला जायचं म्हणजे घरातून निघायचं, वाटेत तालमीपाशी चार जण गोळा करायचे आणि चालत स्टेडियम गाठायचं. आबा तसेच जायचे. सातवीपर्यंत मला खांद्याशी धरून न्यायचे.

आजी मात्र जन्मात एकदाही आत गेली नाही. दुपारी सोप्यात गहू निवडत बसायची आणि गलका उठला की हात थांबवायची. "पाटाकडीलनं मारला." कधी नाक मुरडून म्हणायची, "ह्यो शिवाजी पेठेचा आवाज." आबा घरी येऊन स्कोअर सांगायच्या आधी तिला तो माहीत असायचा, आणि चुकल्याचं मला तरी आठवत नाही. मी म्हणायचे, एकदा चल की आमच्यासंगं. त्यावर ती म्हणायची, "मी हितं बसून बी बघतो की गं." कोल्हापूरच्या जुन्या बायका असंच बोलतात, 'मी जातो, मी बघतो'. ती खरंच बघायची.

न्यूकॅसलला मी नोव्हेंबर २०१९ मध्ये आले. पहिल्या आठवड्यात रस्ता शिकताना एक गोष्ट लक्षात आली. कुठूनही मान वर केली की इमारतींच्या डोक्यावरून स्टेडियमच्या छताचं पांढरं लोखंड दिसतं. कित्येक शहरांनी आपली स्टेडियमं उचलून बाहेर हायवेला नेऊन ठेवली आहेत, चारी बाजूंना गाड्या लावायची जागा आणि मध्ये एक डबा. इथं ग्रेज मॉन्युमेंटपासून, म्हणजे शहराच्या ऐन बाजारातून, पायी दहा मिनिटांत तुम्ही स्टेडियमच्या गॅलोगेट बाजूच्या दारात असता. शनिवारी दुपारी एकच्या सुमाराला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट गल्ल्यागल्ल्यांतून निघतात. आजोबा, मुलगी, नात. हातात पेस्टीची पुडी. सगळे एका दिशेला. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी भाजीच्या पिशव्या घेऊन रस्त्याच्या कडेला तशीच उभी राहिले. परदेशात येऊन आठच दिवस झाले होते आणि समोरून माझीच पेठ चालली होती.

इथल्या बोलीत टाउनला 'टून' म्हणतात. 'टूनला चाललोय' म्हणजे शहराच्या मध्यात चाललोय. आणि संघालाही टूनच म्हणतात. कोल्हापुरात उपनगरातला माणूस अजून 'गावात जाऊन येतो' म्हणतो ना, तेच. गाव आणि संघ यांना एकच शब्द असणं मला फार आवडतं. स्टेडियम गावाबाहेर गेलं तर त्या शब्दाचं काय होईल?

मग २०२० आलं. ब्रिटनमध्ये कोविडचे पहिले दोन रुग्ण सापडले ते जानेवारीच्या अखेरीस, आणि त्यांना आमच्याच रुग्णालयात आणलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, मी त्यावर लिहिणार नाही. एवढंच सांगते, की जूनमध्ये मॅच पुन्हा सुरू झाल्या, पण रिकाम्या गॅलऱ्यांपुढं. वॉर्डातल्या टीव्हीवर गोल दिसायचा आणि खिडकीबाहेर काहीच नसायचं. पार्कातल्या तळ्यावरची बदकं तेवढी ओरडायची. त्या शांततेची मला भीती वाटायची.

१९ मे २०२१ ला शेफील्ड युनायटेडविरुद्ध पहिल्यांदा दहा हजार लोकांना आत सोडलं. बावन्न हजारांच्या जागेत दहा हजार. आमच्या जो विलॉकनं गोल केला. मी ड्यूटीवर होते, हातमोजे चढवत होते. तो आवाज आला तशी आमची सिस्टर खिडकीशी गेली आणि पाठमोरीच उभी राहिली. कुणीच काही बोललं नाही. ज्यांनी ते वर्ष वॉर्डात काढलं त्यांना काय बोलायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

या मैदानाच्या आकाराचं मला आधी नवल वाटायचं. दोन बाजू आभाळाला भिडलेल्या आणि उरलेल्या दोन बुटक्या. एखाद्या वाड्यावर दोनच सोप्यांना माडी चढवली तर कसा दिसेल, तसं. कारण शेजार. पूर्वेच्या स्टँडला अगदी खेटून लीझेस टेरेस ही दगडी घरांची देखणी रांग आहे, १८२९ ते १८३४ या काळात रिचर्ड ग्रेंजरनं बांधलेली. ती वारसा म्हणून सर्वोच्च दर्जानं जपलेली आहे, त्यामुळं त्या बाजूला स्टँड उंच करता येत नाही. गॅलोगेटच्या मागं रस्ता आणि जमिनीखाली मेट्रो. मग क्लबनं वाढवायचं तेवढं पश्चिमेला आणि उत्तरेला वाढवलं, ते काम २००० साली पुरं झालं. लोक याला अडचण म्हणतात. मला तर हेच त्याचं रूप वाटतं. शेजाऱ्यांना सांभाळून उभं राहिलेलं घर असं वेडंवाकडंच असणार.

जमीनही क्लबची नाही, शहराची आहे. हा सगळा भाग मूळचा टाउन मूरचा, म्हणजे आपल्या भाषेत गायरानाचा. न्यूकॅसलच्या 'फ्रीमेन' मंडळींना तिथं गायी चारण्याचा पिढीजात हक्क आहे आणि आजही उन्हाळ्यात गायी चरत असतात. मी फेनमहून कामाला जाताना त्या दिसतात, एका बाजूला गायी आणि मागं स्टेडियमचं छत. हा फोटो आबांना पाठवला तेव्हा त्यांचा लगेच फोन आला, "म्हशी न्हाईत व्हय?" फुटबॉल या जागेवर १८८० पासून आहे, युनायटेड १८९२ पासून.

नाव बदलायचाही एक प्रयत्न झाला होता. २०११ मध्ये तेव्हाच्या मालकांनी दुकानांच्या साखळीचं नाव स्टेडियमला दिलं, भिंतीवरची अक्षरंही काढली. माझ्या वॉर्डातली एकही व्यक्ती ते नाव उच्चारत नव्हती असं जुने सहकारी सांगतात. पुढच्याच वर्षी जुनं नाव परत आलं.

आतून पाहायची संधी मला १३ एप्रिल २०२४ ला मिळाली. तिकिटं आता सोडतीनं मिळतात, मला कधी लागली नाहीत. मैत्रिणीच्या नवऱ्याला ताप आला आणि त्याची जागा मला मिळाली. लीझेस स्टँड, सातवा मजला. जिना संपता संपेना. वर पोचून मी आधी मैदानाकडं पाहिलंच नाही. बुटक्या पूर्व स्टँडवरून सगळं शहर दिसत होतं, चर्चचे मनोरे, नदीकडं उतरत गेलेली छपरं. मैदानात शहर नाही, शहरात मैदान आहे, हे तिथून डोळ्यांना दिसतं.

टॉटनहॅमविरुद्ध चार-शून्य झालं. इसाकचे दोन, गॉर्डनचा एक, शेअरचा एक. पण मला त्या दिवसातलं सगळ्यांत जास्त आठवतं ते वेगळंच. ऐकू न येणाऱ्या काही चाहत्यांना त्या दिवशी खास शर्ट दिले होते. मैदानातला गलका पकडून तो शर्ट अंगावर थरथरतो. आवाज वाढला की थरथर वाढते. मी ते मैत्रिणीकडून ऐकलं आणि मला रडू आलं. आजीला शेवटच्या चार वर्षांत काहीच ऐकू येत नव्हतं. मॅचच्या दिवशी ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि आबा आले की त्यांच्या तोंडाकडं बघायची. "झाला?" एवढंच विचारायची. असा एखादा शर्ट तिला मिळाला असता तर!

पुढच्या वर्षी, १६ मार्च २०२५ ला, वेम्बलीवर लिव्हरपूलला हरवून संघानं लीग कप जिंकला. १९५५ नंतरची संघाची पहिली मोठी देशांतर्गत ट्रॉफी, सत्तर वर्षांनी. मॅच लंडनला, तरी लोक इथं आपल्या रिकाम्या स्टेडियमपाशी येऊन नाचले. कारण दुसरीकडं कुठं जायचं हे कुणाला सुचलंच नसणार. २९ मार्चच्या मिरवणुकीला तीन लाखांच्या आसपास लोक आले असा अंदाज होता. ती सेंट जेम्स पार्कपासून निघून टाउन मूरवर गेली. मी युनिफॉर्मवर स्वेटर घालून अर्धा तास पाहून आले.

त्याच महिन्यात दुसरी बातमी होती. जागा अपुरी पडते, म्हणून लीझेस पार्कात नवं मोठं स्टेडियम बांधायचा विचार आहे. जुनंच वाढवायचं की नवं बांधायचं, यावर वॉर्डात, बसमध्ये, दुकानात वाद चाललेले मी ऐकलेत. नवं हवं म्हणणाऱ्यांना मी चूक म्हणत नाही. सोडतीत वर्षानुवर्षं नाव न लागणाऱ्या पोरांना आत जायचं आहे. मलाही जायचं आहे. आणि एक मान्य करायला हवं, की पार्कातलं स्टेडियम शहराबाहेरचं नसेल, आवाज वॉर्डात येईलच, कदाचित जास्त येईल. पण ते पार्क १८७३ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, शहरातलं सर्वांत जुनं सार्वजनिक उद्यान. आमचे रुग्ण बरे व्हायला लागले की पहिली दहा पावलं तिथं टाकतात. नाइट संपल्यावर मी तिथल्या तळ्याकाठच्या बाकावर बसून आबांना फोन करते. माझं मत विचाराल तर आहे त्याच जागी, आहे तेच वेडंवाकडं स्टेडियम जमेल तितकं वाढवा आणि पार्काला हात लावू नका. नव्वदच्या दशकातही पार्काच्या पलीकडच्या गायरानावर नवं स्टेडियम बांधायचं चाललं होतं, लोकांनी जोरात विरोध केला आणि क्लबनं आहे तेच वाढवलं. तेव्हा जमलं होतं.

आबा आता शहात्तर वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळं स्टेडियमवर जाणं बंद झालं, आजीच्या जागी सोप्यात बसतात. मागच्या हंगामात एकदा सकाळी साडेदहाला त्यांचा फोन आला, तिकडं दुपारचे चार. काही बोलले नाहीत, फोन नुसता दाराबाहेर धरला. मी पार्कातल्या बाकावर डोळे मिटून ऐकत होते. गलका झाला.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"पाटाकडील," मी म्हटलं.

"बरोबर."

येत्या शनिवारी घरच्या मैदानावर मॅच आहे आणि माझी दिवसाची ड्यूटी आहे. आबांना सांगून ठेवलंय, तीनच्या ब्रेकला फोन करीन, तिकडं रात्र असेल, जागे राहा. आमच्या वॉर्डातली खिडकी सुरक्षेसाठी चार बोटंच उघडते. फोन तेवढ्यातून बाहेर धरता येतो.