आमची वाटचाल : प्रयोगशाळेतून भिंतीकडे

रसायनशास्त्रात एमएस्सी केलं आणि बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत रंगद्रव्यांच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं काढली. नमुना घ्यायचा, छटा मोजायची, सही करायची. तो रंग पुढे कुठे लागला, हे कधी बघायलाच मिळालं नाही. सुट्टी मिळाली की मी बडोद्यात रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात जायचे, एकोणिसाव्या शतकातल्या त्या भित्तिचित्रांसमोर उभी राहायचे. गायकवाडांच्या स्मारकात, कीर्तिमंदिरात, चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात रंगवलेल्या भित्तिचित्रांमधलं गंगावतरणही किती वेळा पाहिलं असेल!

भिंती रंगवायला नोकरी सोडते म्हटल्यावर आईने एवढंच विचारलं, "पीएफचं काय करणार?" त्यातून परांची घेतली.

पहिली दोन वर्षं बालवाड्या आणि दुकानांच्या भिंती रंगवल्या. पोट भरलं. मग दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरातून बोलावणं आलं. देवघराच्या भिंतीला नुकताच चुना दिलेला होता, त्यावर मोर हवा होता. मी गळ्याला प्रशियन निळा वापरला. काही दिवसांनी त्या घरातल्या काकूंचा फोन, "अगं, मोराचा गळा मातकट का झाला गं?"

फोन ठेवला आणि अंगावर काटा आला. ओला चुना तीव्र अल्कधर्मी, त्याचा पीएच सुमारे १२.४. प्रशियन निळा अल्कलीत टिकत नाही, त्यातलं लोह गंजासारखं तपकिरी होऊन मागे राहतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पण ब्रश हातात आल्यावर आठवलं नाही. गळा खरवडून अल्ट्रामरीनने पुन्हा रंगवला, पैसे घेतले नाहीत. आज तो मोर तसाच निळा आहे.

त्यानंतर मी चुना शिकायला बसले. राजस्थानातून आलेले एक वयस्कर कारागीर भेटले. त्यांच्याकडून आराईश ही चकचकीत चुनेगिलाव्याची पद्धत शिकले: मुरवलेला चुना, संगमरवराची भुकटी, थरावर थर आणि शेवटी अकीकाच्या दगडाने घोटाई. तो दगड आमच्या शेजारच्या खंभातचा. ओल्या थरावर रंग लावला की डिंक-सरस काही लागत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि रंगाचे कण आत धरून ठेवतो. म्हणून दिवसभरात जेवढं रंगवता येईल तेवढाच गिलावा करायचा. मी घाई केली की ते कारागीर काका म्हणायचे, "उतावळ ना करो, बेन." गेरू, पिवडी, हिरवी माती, हे रंग चुन्यात बिघडत नाहीत. नवा कुठलाही रंग आला की तो आधी आठवडाभर चुन्याच्या निवळीत भिजत ठेवतो, मगच भिंतीवर.

आता आम्ही पाचजण आहोत. भिंतीला लोणा, म्हणजे ओलीमुळे फुटलेला क्षार, असेल तर काम घेत नाही, आधी ओल कुठून येते ते शोधायला लावतो. त्यामुळे काही गिऱ्हाइकं जातात. पण सहा महिन्यांत पोपडे धरणारं चित्र कुणाच्या घरात ठेवून यायला माझं मन धजत नाही.

सध्या त्याच काकूंच्या माजघराची भिंत चालू आहे. या वेळी त्यांना कमळं हवी आहेत. उद्या सकाळी सातला गिलाव्याचा शेवटचा हात.