गेलतो

‘मी आईसंगं बाजाराला गेलतो.’

सहावीतल्या एका मुलीनं लिहिलेलं हे वाक्य. त्यातलं ‘गेलतो’ मी लाल पेनानं खोडलं आणि वर नीट अक्षरात ‘गेले होते’ लिहिलं. ‘आईसंगं’चं ‘आईबरोबर’ केलं. पुढं मिरच्यांच्या ढिगाचं, तोलताना बोट लावणाऱ्या बाईचं असं छान काहीतरी होतं, पण माझी नजर तिथवर पोचलीच नाही, कारण मधे ऱ्हस्व-दीर्घाच्या पाच चुका होत्या. कागद तिला परत दिला. तिनं वाचला, चार घड्या घातल्या, आणि तास संपेपर्यंत पुढं एक अक्षर लिहिलं नाही.

ही माझी पहिली कार्यशाळा. साल २०१८.

मी सांगलीतल्या एका छापखान्यात एकवीस वर्षं मुद्रितशोधन केलं आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंक, कुणाकुणाचे स्वखर्चानं काढलेले कवितासंग्रह, सगळं माझ्या टेबलावरून गेलं. शाळेचा अहवाल छापायला आलेल्या एका शिक्षकांनी विचारलं, ‘‘मॅडम, आमच्या पोरांना लिहायला शिकवाल का? निबंध म्हटला की गाईड उघडतात.’’ मी हो म्हटलं. लिहायला शिकवायचं म्हणजे शुद्ध लिहायला शिकवायचं, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

त्या मुलीनं घातलेली कागदाची घडी मात्र डोक्यातून जाईना. घरी आले, आईला फोन केला. बोलणं झालं आणि शेवटी आई नेहमीप्रमाणं म्हणाली, ‘‘बरं, ठेवतो मी आता.’’

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या कृष्णाकाठच्या बायका-मुली ‘मी जातो’, ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ असंच बोलतात. माझी आजी तसं बोलायची, आई बोलते, मीही बोलायचे. बारावीनंतर पुण्याला शिकायला गेले. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात ‘मी आंघोळ करून येतो’ म्हणाले आणि खोलीतल्या मुली पोट धरून हसल्या. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझं ‘येतो’चं ‘येते’ झालं होतं. आईला ते लक्षात आलं असणार, पण ती काही बोलली नाही. म्हणजे मी त्या मुलीचं जे खोडलं ते आधी स्वतःच्या तोंडातलं खोडून झालेलं होतं. हे कळायला मला जवळजवळ पंचवीस वर्षं लागली.

आता नियमांबद्दल. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम माझ्या टेबलाच्या काचेखाली कायम असायचे. १९६२ चे चौदा, १९७२ साली त्यात घातलेले चार, एकूण अठरा. ते मला पाठ आहेत आणि त्यांच्याबद्दल आजही आदर आहे. त्या रात्री मी ते पुन्हा काढून वाचले. पात्राच्या तोंडची बोली उच्चाराप्रमाणे लिहायला त्यात मोकळीक आहे. कादंबऱ्यांची प्रुफं तपासताना मी ही मोकळीक शेकडो वेळा दिली होती. अवतरणचिन्हात ‘आलतास का रं’ असलं की हात लावायचा नाही, एवढी शिस्त मला होती. मग सहावीतली मुलगी ‘मी’ म्हणते तेव्हा बोलतंय कोण? गोष्टीतलं पात्र तीच, आणि सांगणारीही तीच. अवतरणचिन्ह नव्हतं म्हणून मी तिला खोडलं.

पुढच्या शनिवारी त्या वर्गात गेले तेव्हा लाल पेन नेलं नाही. त्या मुलीजवळ जाऊन म्हटलं, ‘‘तुझं बरोबर होतं. मला मिरचीवालीचं पुढचं सांग.’’ तिनं मान हलवली. त्या दिवशीही तिनं काही लिहिलं नाही. तिचं पुढं काय झालं ते शेवटी सांगते.

तेव्हापासून आजवर सांगली जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळांत गेले. मिरज, पलूस, तासगाव, एकदा लांब जतच्या पूर्व भागात. जिल्हा परिषदेच्या शाळा असतात, हायस्कुलं असतात. शनिवारी शाळा सकाळची, त्यातले शेवटचे दोन तास मला मिळतात. वर्गात चाळीस ते साठ मुलं. छापखान्यातून पाठकोऱ्या प्रुफांचा गठ्ठा नेते. त्याचा एक फायदा नंतर लक्षात आला. वहीत लिहायचं म्हटलं की मुलं समास आखतात, तारीख घालतात, शीर्षकाखाली दोन रेघा मारतात आणि त्यातच दमतात. मागच्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका छापलेली असली की कागदाची भीती राहत नाही. नाव लिहायचं नाही. गुण नाहीत. शब्द अडला तर घरात जो म्हणतात तो लिहायचा.

विषय कधीच देत नाही. ‘माझा आवडता ऋतू’ म्हटलं की साठ कागदांवर एकच पावसाळा पडतो, आणि तोही गाईडातला. त्याऐवजी प्रश्न विचारते. तुमच्या घरात सगळ्यात आधी कोण उठतं आणि त्याचा पहिला आवाज कुठला येतो? घरातली कुठली वस्तू दुरुस्त करून करून वापरता? कुठल्या जागेला हात लावायची तुम्हाला मनाई आहे?

या मनाईच्या प्रश्नाला हरिपूरकडच्या एका मुलानं उत्तर लिहिलं ते पेवाचं. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव, सांगलीच्या अगदी लगत. हळद साठवायला तिथं जमिनीत पेवं असायची. तोंड अरुंद, आत पोट मोठं. हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नसे. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं, हळद कुजली, आणि नंतर बहुतेक माल शीतगृहांत जायला लागला. त्या मुलाचा आज्जा पेवात उतरणारा माणूस. मुलानं लिहिलं होतं: ‘पेव उगडलं की लगीच उतरायचं नाय. आदी कंदील सोडायचा. कंदील इजला तर आत हवा नाय. आज्जा म्हनतो मी कंदीलावर इस्वास ठिवला म्हनून हाय.’

‘कंदीलावर इस्वास ठिवला म्हनून हाय.’ एकवीस वर्षांत माझ्या टेबलावरून गेलेल्या कवितासंग्रहांत अशी ओळ मला फार थोड्या वेळा भेटली. ती वर्गात वाचून दाखवली आणि विचारलं, ‘‘एखाद्या गोष्टीचं पेव फुटलं असं आपण म्हणतो, ते कुठून आलं?’’ आधी सगळे गप्प, मग एकदम गलका झाला. पेपरातल्या मथळ्यात वाचलेला शब्द आपल्या परड्यातल्या खड्ड्यातून निघाला आहे, हे त्यांना तोपर्यंत कुणी सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात तीस-पस्तीस शब्द घेऊन आली पोरं, आजोबांना विचारून विचारून.

तासगाव भागात हेच बेदाण्याचं. द्राक्षं द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरायची, पंधरा दिवसांत वाळतात, मग गंधकाची धुरी. आठवीतल्या मुलींना ही सगळी कामं येतात. त्यांच्या निबंधाच्या वहीत मात्र ‘शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे’ याच्यापुढं काही नव्हतं. मी म्हटलं, पोशिंदा राहू दे, शेडमध्ये कान लावून काय ऐकू येतं ते लिहा. एकीनं लिहिलं, ‘ढग आलं की पप्पा कुनाशीच बोलत नाहीत. मम्मी पन जेवाय वाढताना भांडी वाजवत नाही.’ दोनच वाक्यं. एका अवकाळी पावसानं वर्षाचा माल काळा पडतो, ही बातमी आपण दरवर्षी वाचतो. भांडी न वाजवणारी आई त्या बातमीत कधीच नसते.

जतला एका मुलाचा कागद कोरा होता. आजीबद्दल लिहायचंय पण आजी मराठी बोलत नाही, म्हणाला. त्या पट्ट्यात घराघरांत कानडी आहे. मी म्हटलं, आजी जे म्हणते ते आजीसारखंच लिही, मराठी अक्षरांत. त्यानं लिहिलं, आजी दारात बसते आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी ‘ऊटा?’ विचारते. ऊटा म्हणजे जेवण. सगळा वर्ग त्या दिवशी एकमेकांना ‘ऊटा?’ विचारत घरी गेला.

नदीकाठच्या हायस्कुलाचं मात्र सावकाश सांगायला हवं. नववीचा वर्ग, २०२२ चा हिवाळा. मराठीच्या शिक्षकांनी कौतुकानं मुलांच्या वह्या दाखवल्या, विषय ‘नदीचे आत्मवृत्त’. प्रत्येक वहीत नदीचा जन्म सह्याद्रीच्या कुशीत झालेला, प्रत्येक वहीत ती खळखळ वाहत होती, आणि शेवटी प्रदूषण करू नका असं सांगत होती. ही मुलं ऑगस्ट २०१९ मध्ये सहावीत होती. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली. यांतल्या बहुतेकांच्या घरात नदी दिवस न् दिवस मुक्कामाला होती. वहीत तिचा थेंब नाही. परीक्षेत तसलं लिहायचं नसतं, हे त्यांना न सांगता कळलेलं होतं.

पुराबद्दल लिहा असं मी त्यांना म्हटलं नाही. मुलांचं दुःख उकरायला आपण जात नाही, आणि त्यानंतर त्यांना सावरायला आपण तिथं थांबणारही नसतो. मी एवढंच विचारलं की बरेच दिवस बंद असलेलं घर उघडल्यावर पहिली कुठली वस्तू हातात घेतली. नको वाटलं तर कुठलंही दुसरं घर, कुठलीही सुट्टी घ्या. काहींनी मामाच्या गावचं लिहिलं. बाकीच्यांनी चिखलातून निघालेला मिसरीचा डबा लिहिला, कालनिर्णयच्या खिळ्यापर्यंत गेलेली पाण्याची रेघ लिहिली, फुगून न उघडणारं कपाट लिहिलं.

मागच्या बाकावरच्या एका उंच मुलानं हे लिहिलं: ‘पाणी उंबऱ्याला लागलं तवा आज्जानं म्हशींची दावी सोडली. म्हनला जावा. म्हशी गेल्या नाहीत. दारातच उभ्या ऱ्हायल्या.’

वाचून दाखवू का, असं मी त्याला हळूच विचारलं. नको म्हणाला. मी कागद त्याच्या हातात परत दिला, त्यानं तो खिशात ठेवला. पुढच्या शनिवारी तोच कागद घेऊन आला. खिशात राहून मऊ पडलेला. खाली आणखी एक ओळ होती: ‘आज्जानं परत बांदल्या, मग नावंत बसला.’ त्याखाली काही नव्हतं आणि मीही विचारलं नाही. ती ओळ वाचून मी वर्गाबाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं.

पालक भेटतात तेव्हा विचारतात, यानं मार्क वाढतील का. रास्त प्रश्न आहे. दहावीच्या पेपरात लेखनाला गुण आहेत आणि तिथं ‘गेलतो’ चालणार नाही, हे मला मुद्रितशोधक म्हणून त्यांच्याहून जास्त ठाऊक आहे. शुद्धलेखन मी आजही शिकवते, पण ते चौथ्या-पाचव्या आठवड्यात, आणि मुलांच्याच मजकुरावर. तोवर त्यांच्याकडं राखण्याजोगं काहीतरी झालेलं असतं, म्हणून ‘पाणी’तला ‘णी’ दीर्घ का, हे ती स्वतःहून विचारतात. बोलीतलं वाक्य आणि प्रमाण वाक्य शेजारी-शेजारी लिहायला सांगते आणि मग कुठलं ठेवायचं ते मुलानं ठरवायचं. एका शाळेत हे मान्य झालं नाही. ‘‘गावंढळपणा वाढेल,’’ म्हणाले. तिथं माझी कार्यशाळा दुसऱ्या आठवड्यात थांबली. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. तिथल्या सातवीच्या मुलांचे कागद माझ्या कपाटात आहेत. ते कधीतरी त्यांना परत द्यायचे आहेत.

बाकीच्या शाळांत वर्षाअखेरीला आम्ही हस्तलिखित काढतो. आमच्या लहानपणी प्रत्येक शाळेत असायचं, आता क्वचित दिसतं. मुलंच सुवाच्य अक्षरात उतरवतात, मुलंच चित्रं काढतात, छापखान्यातला बाइंडर मला फुकट पुठ्ठा बांधून देतो. वाचनालयाच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचं नाही, एवढी एकच अट मी मुख्याध्यापकांना घालते. प्रत्येक मुलानं ते एक रात्र घरी न्यायचं. परत येतं तेव्हा पानांवर हळदीची बोटं असतात, तेलाचे डाग असतात.

ती पहिली मुलगी. त्या वर्षी तिनं पुढं लिहिलंच नाही. मधे कोरोनात दोन वर्षं शाळा बंद पडल्या. नंतर त्याच शाळेत गेले तेव्हा ती दहावीत होती आणि मी तिला ओळखलं नाही. हस्तलिखितासाठी कागद गोळा करत होते, तिनं न बोलता एक कागद गठ्ठ्यात सरकवला. तीन पानं, मिरचीवालीवर. बाजारातली ती बाई तोलताना बोट का लावते, तिला घरी किती तोंडं आहेत, आणि हिच्या आईनं ते बोट बघूनही कधी का टोकलं नाही. प्रमाण मराठी, एकही चूक नाही. मी वाचत गेले. तिसऱ्या पानाच्या तळाशी एकच वाक्य बोलीत होतं, आणि त्याच्या खाली पेन्सिलीनं बारीक रेघ मारून ‘हे असंच ठेवा’ लिहिलं होतं.

‘त्या दिवशी मी पन आईसंगं गेलतो.’

हस्तलिखितात ते पान तिनं स्वतः उतरवलं. मी फक्त पुठ्ठ्याला खळ लावली.