गावातूनच का घेता? तुम्ही विचारलंत म्हणून

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी पूर्ण वेळ शेती बघतो. पुण्या-नागपूरला नोकरी करणारे माझे जुने विद्यार्थी सणावाराला गावी आले की हमखास एक प्रश्न विचारतात : "सर, मोबाईलवर तीच वस्तू स्वस्त मिळते, घरपोच येते, मग तुम्ही गावातल्या दुकानातून का घेता?" त्यांना वाटते की हा माझ्या पिढीचा हळवेपणा आहे. प्रत्यक्षात हा बराचसा हिशेबाचा भाग आहे, आणि तो हिशेब मी ठेच लागल्यावरच शिकलो.

तीन वर्षांपूर्वी मी स्वतःच मोबाईलवरून बॅटरीचा फवारणी पंप मागवला होता. गावातल्या दुकानदाराने सांगितलेल्या किमतीपेक्षा तो साडेतीनशे रुपयांनी स्वस्त पडला, आणि महिनाभर त्या साडेतीनशे रुपयांचा मला अभिमानही होता. मग ऑगस्टमध्ये कपाशीवर तुडतुडे आले, चार दिवसांनी पावसाने उघडीप दिली, आणि नेमका त्याच सकाळी पंपाचा दाब गेला. विकणाऱ्याला फोन केल्यावर पंप पुन्हा खोक्यात भरून पाठवा, दहा-बारा दिवसांत कळवू, असे उत्तर मिळाले. तुडतुडे दहा-बारा दिवस थांबत नाहीत. शेवटी खाली मान घालून मी गावातल्याच दुकानात गेलो. त्याने पंप उघडला, मोटरीतला फाटलेला डायफ्राम, म्हणजे दाब तयार करणारा रबरी पडदा, बोटावर घेऊन मला दाखवला आणि एवढेच म्हणाला, "सर, हा आपल्या इथला नाही ना जी." दुसऱ्या एका जुन्या पंपाचा डायफ्राम काढून त्याने अर्ध्या तासात काम भागवले आणि दुपारच्या आत मी फवारणीला लागलो. त्याच्या किमतीत ते साडेतीनशे रुपये कशाचे होते, ते मला त्या दिवशी समजले.

मात्र गावातल्या दुकानातून घेतलेले सगळेच गावचे नसते, हेही स्पष्ट केले पाहिजे. किराणा दुकानातून साबणाची वडी घेतली तर तिच्या किमतीतली दुकानदाराची थोडीशी कमाई तेवढी गावात राहते, बाकीचा पैसा जिथून वडी आली तिथे परत जातो. म्हणून गावात विकले जाणारे आणि गावात तयार होणारे, असा फरक मी करतो.

तुरीच्या डाळीचे उदाहरण घ्या. आमच्या वर्धा जिल्ह्यात कपाशीच्या ओळींमध्ये तूर घेण्याची पद्धत जुनी आहे. जानेवारी-फेब्रुवारीत तूर निघते, पोत्यात भरून बाजार समितीत जाते, आणि तिचीच डाळ पाकिटात बसून आमच्या गावात परत येते. गेल्या काही वर्षांत आमच्या गावातील एका महिला बचत गटाने छोटी दाल मिल बसवली आहे. तिथे यंत्रातून एकदा काढून तुरीच्या टरफलाला चरे पाडतात, मग तिला तेल चोळतात, पाण्याचा हात देऊन रात्रभर झाकून ठेवतात, कडक उन्हात वाळवतात आणि पुन्हा यंत्रात घालतात. माझ्या एका क्विंटल तुरीची साधारण 70 किलो डाळ होते. 2024-25 च्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला 7,550 रुपये होता, म्हणजे त्या भावाने एका किलो डाळीत जवळजवळ 108 रुपयांची तूरच होती. त्यावरची भरडाई, वाळवणाची मजुरी आणि नफा हा पैसा पूर्वी गावाबाहेर जात असे, तो आता अंगणात तूर पसरणाऱ्या बायांच्या हाती पडतो. उरलेली चुणी, म्हणजे टरफले आणि डाळीचा चुरा, हीही वाया जात नाही, ती माझ्याच गाईच्या टोपल्यात येते. पाकिटातल्या डाळीबरोबर चुणी कोणी पाठवत नाही.

हा विचार माझा नाही, आमच्या जिल्ह्याचाच आहे. अखिल भारत ग्रामोद्योग संघ 1934 मध्ये स्थापन झाला तो वर्ध्यात, आणि गांधीजींचे सहकारी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ, हातकागद यांचे काम इथल्याच मगनवाडीतून चालवले. लहानपणी शाळेच्या सहलीत मगन संग्रहालयात आम्ही ती घाणी पाहिली होती. आता जवसाचे तेल घाणीवरून आणताना मला ती सहल आठवते, पण तेल मी चवीसाठी घेतो, आठवणीसाठी नाही.

उधारीबद्दल दोनच वाक्ये. जूनमध्ये बियाणे आणि दाण्याकिराण्यासाठी हात रिकामे असतात, तेव्हा आमच्या किराणेवाल्याच्या वहीत नाव लिहिले जाते आणि दिवाळीनंतर कापूस विकला की ते खोडले जाते. मोबाईलवरच्या दुकानाला आमचा कापूस कधी निघतो हे ठाऊक नसते.

याचा अर्थ गावचा दुकानदार धुतल्या तांदळासारखा असतो असा नाही. युरियाची टंचाई असली की एका गोणीबरोबर नको असलेले दुसरे खत गळ्यात मारणारे दुकानदार मी पाहिले आहेत. त्याला आमच्याकडे 'लिंकिंग' म्हणतात आणि ते सरळसरळ चुकीचे आहे. अशा दुकानात मी जात नाही. बियाण्याचे पक्के बिल घेतो, पिशवी आणि तिच्यावरचे लेबल पीक निघेपर्यंत जपून ठेवतो, कारण बियाणे उगवले नाही तर कृषी विभागाकडे तक्रार करताना तेच कामी येते. ओळखीच्या माणसाकडे बिल मागायला अनेकांना संकोच वाटतो. मला वाटत नाही, आणि जो दुकानदार त्यावर रागावतो त्याची ओळख मी कमी करतो.

राहता राहिली पुस्तके. ती मी मोबाईलवरूनच मागवतो, कारण आमच्या जवळपास पुस्तकांचे दुकानच नाही. पार्सल आणणारा मुलगा माझ्या घरापर्यंत येत नाही, रस्त्यावरच्या त्या पंपवाल्याच्या दुकानात ठेवून जातो, आणि मी ते आणायला गेलो की तो खोका हलवून विचारतो, "सर, पंप तर नाही ना जी?"