रिंगण पुरं झालं

रविवार, पितृपंधरवडा. रात्री उशिरा.

पथकातली पोरं आज परत आली. पावसाळा सुरू झाल्यापासून नदीपात्रात ढोलाचा सराव, मग दहा दिवस गणपती. या काळात आमचा कापोएराचा, म्हणजे वाद्यांच्या तालावर रिंगणात खेळायच्या ब्राझीलच्या झुंजकलेचा, वर्ग दरवर्षी निम्म्यावर येतो आणि त्यावरून कुणी कुणावर रुसत नाही. पुण्यात राहायचं तर भाद्रपद पोरांना द्यावाच लागतो. आज मात्र तालमीच्या अंगणात सगळे जमले आणि कितीतरी दिवसांनी वाद्यं पुरी लागली. धनुष्यासारखे, एका तारेचे तीन बेरिंबाउ, खंजिरीसारखे दोन पांडेरो, उभा ढोल म्हणजे आताबाके, जोडघंटेचा आगोगो, काठीनं खरडून वाजवायचा रेको-रेको. आठ माणसं नुसती वाजवायला, दोघं आत खेळायला, आणि तरी टाळी धरायला, गाण्याला झील द्यायला रिंगणात माणसं उरली होती.

घरी आल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. ‘किती जण झालात आता?’ असं नातेवाईक विचारतात, ऑफिसातले विचारतात. आकडा सांगितला की त्यांचं समाधान होतं. पण आमच्या वाढीचा हिशेब मला नेहमी वाद्यांवरून करावासा वाटतो. सुरुवातीला कोथरूडच्या एका गच्चीवर आम्ही मोजके लोक होतो. मुंबईत शिकून आलेला आमचा दादा शिकवायचा आणि संगीत लागायचं मोबाइलवर. कापोएराचे जुने गुरू, म्हणजे मेस्त्रे, बिंबा यांच्या पद्धतीत एक बेरिंबाउ आणि दोन पांडेरो एवढंच लागतं हे खरं, पण तेवढे तिघं वाजवायला बसले असते तर खेळलं कोण असतं?

मोबाइलच्या संगीताला खेळ दिसत नाही, ही त्यातली खरी अडचण. आतल्या दोघांची डोकी तापली, पाय जरा जास्तच जोरात यायला लागले, तरी स्पीकर आपला त्याच लयीत चालू. जिवंत रिंगणात गुंगा, म्हणजे सर्वांत खालच्या आवाजाचा बेरिंबाउ, सगळ्यांवर लक्ष ठेवून असतो. खेळणारे त्याच्या पायाशी बसतात, त्यानं सोडल्यावर आत जातात. तो लय उतरवतो, तसा खेळ जमिनीलगत येतो, लांबतो. तो चढवतो, तशा लाथा उंच जातात. फारच वाढलं की एकच सूर घाईघाईनं ठोकून दोघांना माघारी बोलावतो. हे सगळं वाचून माहीत होतं. घडताना बघायला माणसं जमावी लागली.

आज नव्या मुलांना दादानं ‘कावालारिया’ वाजवून दाखवला. घोड्यांच्या टापांसारखा ताल आहे तो. ब्राझीलमध्ये गुलामगिरी 1888 साली कायद्यानं संपली आणि 1890 च्या दंडसंहितेनं कापोएरा हा गुन्हा ठरवला. आफ्रिकेतून पकडून नेलेल्या लोकांच्या लेकरा-नातवंडांनी जपलेली ही विद्या. ती रस्त्यात खेळताना दिसली तरी तुरुंग. घोडेस्वार पोलीस येताहेत हे या तालावरून कळायचं आणि रिंगण मोडायचं. पुढे बिंबांनी 1932 मध्ये ब्राझीलच्या साल्व्हादोर शहरात शाळा काढली, 1937 मध्ये तिला सरकारमान्यता मिळाली. 1941 मध्ये दुसरे मोठे मेस्त्रे पास्तिन्या यांनी कापोएरा आंगोलाचं, म्हणजे जुन्या पारंपरिक पद्धतीचं, केंद्र सुरू केलं. 2014 मध्ये युनेस्कोनं या रिंगणाला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली, पण ते पास्तिन्यांना बघायला मिळालं नाही. 1981 मध्ये ते गेले तेव्हा दृष्टी गेलेली होती आणि हातात पैसा नव्हता. दादा हे सांगत होता तेव्हा अंगणात कुणी हललं नाही. आपण हौसेनं शिकतो त्या प्रत्येक हालचालीमागे कुणीतरी मार खाल्लाय, हे पोरांना पहिल्या महिन्यातच कळायला हवं, असं माझं ठाम मत आहे. नुसत्या कोलांट्या शिकायच्या तर त्यासाठी दुसरे चांगले वर्ग आहेत.

पथकातला एक पोरगा आताबाकेवर बसला. मनगटात ताकद, लयीचा पक्का. पण हात ढोलाचा. पहिल्याच आवर्तनात तिन्ही बेरिंबाउ बुडाले. दादानं वाजवणं थांबवलं नाही, फक्त गुंगा घेऊन त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. पोरानं मान वळवली, ऐकलं, आणि हळूहळू हात उतरवत नेले. तारेचा झणत्कार वर आला, मग काशीशीच्या, म्हणजे बेरिंबाउबरोबर हातात धरायच्या विणलेल्या खुळखुळ्याच्या, आतल्या बियांची सळसळसुद्धा ऐकू यायला लागली. वर्षभर टोल मोठा पडावा म्हणून घाम गाळणाऱ्या पोरानं आपल्या हाताला असं आवरावं, हे मला आजच्या सगळ्या लाथांपेक्षा मोठं वाटलं. नंतर म्हणाला, “ताई, पथकात मी ताशाकडे कान लावून असतो, इथे तारेकडे.” बरोबर ओळखलं त्यानं.

बेरिंबाउही आता आमचे आम्ही करतो. तिकडे बिरीबा नावाच्या झाडाची काठी वापरतात. आम्ही बुरूड आळीतून बांबू निवडून आणतो, भरीव, सरळ, वाकवला तर परत ताठ होणारा. तार जुन्या टायरमधून काढायची, तिकडेही तशीच काढतात. टायरची कड सुरीनं चिरायची, आतली तार पकडीनं ओढत आणायची, तिला चिकटलेलं रबर पॉलिशपेपरनं घासून काढायचं. दुपार जाते आणि बोटं काळी होतात ती दोन दिवस तशीच राहतात. भोपळ्यासाठी मात्र पुष्कळ शोधाशोध झाली. मिरजेच्या सतारींना पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे भोपळे लागतात. आम्हाला हवा होता लहान, एकतारीच्या मापाचा, पातळ सालीचा. वर्गातल्या एका काकूंच्या माहेरी, बार्शीकडे, परसात वेल निघाला. त्यांनीच भोपळे वाळवून, एसटीनं मांडीवर ठेवून आणले. भोपळ्याचं तोंड पोटाला लावलं की आवाज मिटतो, दूर केलं की उघडतो. आणि हा सगळा भार एका करंगळीवर. काकूंच्या करंगळीला आता घट्टा पडलाय आणि त्या तो कौतुकानं दाखवतात.

तालमीचे वस्ताद रोज पायरीवर बसून बघतात. एका बागेतून आम्हाला वाद्यांच्या आवाजावरून उठवलं, तेव्हा त्यांनी अंगण दिलं, भाडं विचारलंही नाही. आज मल्लखांबातून आलेली मुलगी आणि हिंजवडीचा एक दादा खेळत होते. तिची आर्मादा, म्हणजे गिरकी घेऊन मारलेली लाथ, गरकन फिरून त्याच्या कानापाशी आली आणि तिथून परत गेली. वस्तादांनी मला बोलावलं.

“कोण जिंकलं?”

“जिंकायचं नसतं वस्ताद यात.”

“ते जाऊ दे. पाय थांबला का थांबवला?”

“थांबवला.”

“मग ठीक.” एवढं बोलून चहा प्यायला लागले. जन्म मातीत घातलेल्या माणसाकडून आलेलं हे ‘ठीक’ मी जपून ठेवणार आहे.

गणपतीत एका मंडळानं मिरवणुकीत खेळ करायला बोलावलं होतं. मानधन बरं होतं आणि आमच्यातल्या काहींना जायचंही होतं. मी नको म्हटलं आणि आजही तेच म्हणेन. ढोलांच्या मध्ये बेरिंबाउ ऐकू येत नाही. तो ऐकू येत नसेल तर आम्ही रस्त्यावर नुसत्या उड्या मारणारे लोक. गाण्यांवरूनही वाद झाला. मराठीत रचू या, लोक पटकन शिकतील, असं काहींचं म्हणणं. बांबू इथला, भोपळा बार्शीचा, अंगण पेठेतलं, हे सगळं मला आनंदानं मान्य आहे. पण लादाइन्यात, म्हणजे खेळाआधी एकट्यानं म्हणायच्या गाण्यात, जुन्या मेस्त्रेंची, त्यांच्या गावांची, समुद्रापलीकडच्या आंगोलाची नावं येतात. ती त्या लोकांची आठवण आहे, ती आपण खोडायची नाही. उच्चार घासून घासून शिकू. आज काकूंनी एक कोरिदो, म्हणजे झील देत म्हणायचं गाणं, न बघता म्हटला आणि सगळ्यांनी झील उचलली, तेव्हा वाद आपोआप मिटला असं मी समजते.

टोपणनावं आणि कंबरेच्या दोऱ्या अजून कुणाला नाहीत. ते देण्याचा अधिकार शिक्षकाचा, आम्ही आपसांत वाटून घ्यायचा नाही. त्यासाठी बातिझादो, म्हणजे नव्या शिष्यांना दोरी देण्याचा सोहळा, करायचा, ब्राझीलहून मेस्त्रे बोलवायचे. तिकीट, राहणं, हॉल, खर्च पुष्कळ आहे. म्हणून आजपासून भिशी सुरू केली. हिशेब काकूंकडे. कॉलेजच्या पोरांनी कमी द्यावेत, नोकरदारांनी जास्त, हे ठरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. पथकातल्या पोरांनी तर मिरवणुकीनंतर खाऊला मिळालेले पैसेच पुढे केले. मेस्त्रे आले की आधी त्यांना खेळ दाखवायचा नाही, असं मी दादाला सांगितलंय. आधी बसवायचं, चहा द्यायचा आणि आठ जणांनी वाजवायचं. त्यात काय चुकतंय ते त्यांनी सांगू दे, मग दोऱ्यांचं बघू. दादा हो म्हणालाय. उद्या पासपोर्टवाल्या मित्राला व्हिसाचं विचारायचं आहे आणि काकूंना अजून दोन भोपळे सांगायचे आहेत.