बाळाच्या अंगाला काय लावायचं? आधी घरचं पाणी बघा

बारशाच्या भेटींमध्ये बेबी किट हमखास असतं. साबण, शाम्पू, पावडर, लोशन, तेल, क्रीम, वाइप्स, आणि सगळ्याला दुरूनच येणारा वास. पहिल्या महिन्यात फार तर दोन-तीन वस्तूंचं काम पडतं. नवजात बाळाला एक सौम्य, साबण नसलेलं क्लीन्झर, एक बिनवासाचं तेल आणि लंगोटाच्या जागेसाठी झिंक ऑक्साइडचं मलम एवढं पुरे. बाकीचं कपाटात राहू द्या.

नागपुरात ही निवड घरच्या पाण्यापासून सुरू करावी. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी येत असेल तर प्रश्न कमी. पण शहराबाहेरच्या अनेक लेआउटमध्ये अजून बोअरवर भिस्त असते आणि ते पाणी बहुधा जड असतं. बादलीच्या कडेला पांढरा थर, गिझरच्या कॉइलवर खपल्या, डाळ शिजायला वेळ, या त्याच्या खुणा. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा चिकट साका तयार करतं. मोठ्यांच्या अंगावरून तो बराचसा निघून जातो. बाळाच्या मानेच्या वळीत, काखेत, जांघेत तो बसून राहतो आणि दोन-चार दिवसांत तिथे लाली दिसते. मग दोष जातो त्या साबणाच्या कंपनीला, नवा साबण येतो आणि लाली तशीच.

तपासायचं असेल तर रिकाम्या बाटलीत पाव भाग पाणी घ्या, साध्या साबणाचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. फेस कमी आणि पाणी दुधट झालं तर पाणी जड. अशा घरी साबण नकोच, सिंडेट म्हणजे साबण नसलेलं क्लीन्झर घ्या. सिंडेटचा साका होत नाही. शेवटचे दोन मग आरओच्या किंवा उकळून निवळलेल्या पाण्याचे घातले तर आणखी बरं. उकळल्यावर तळाशी बसलेला गाळ हलवू नका, वरचं पाणी तेवढं ओतून घ्या. सगळा जडपणा उकळून जात नाही, पण फरक पडतो.

पाणी चांगलं असलं तरी साबण टाळण्याचं दुसरं कारण उरतंच. जन्मावेळी बाळाच्या त्वचेचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) सातच्या आसपास असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत तो साडेपाचच्या जवळ उतरतो. या आम्ल थरामुळे त्वचेतला ओलावा टिकतो आणि जंतू वाढत नाहीत. साध्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. तो रोज लावला की हा थर बनता बनताच धुतला जातो. दुकानदार सांगतो, ‘ग्रेड वनचा घ्या, टीएफएम ७६ आहे.’ टीएफएम म्हणजे साबणातल्या चरबीचं प्रमाण. त्यावरून साबणाचा दर्जा कळतो, सौम्यपणा नाही. टीएफएम कितीही असो, साबण तो साबणच.

मग ओळखायचं कसं? पाकिटाची पुढची बाजू सोडून मागची वाचा. सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नेलेट ही नावं सुरुवातीला असतील तर तो साबण. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट वर असेल तर सिंडेट. घटक सहसा प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, म्हणून पहिली पाच-सहा नावं महत्त्वाची. परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स मात्र यादीत शेवटी असलं तरी बाटली परत ठेवा, कारण ॲलर्जी व्हायला थोडंसं पुरतं. मिथाइलआयसोथायझोलिनोन (एक संरक्षक द्रव्य) आणि सोडियम लॉरिल सल्फेट (फेस आणणारं द्रव्य) असलेलंही नको. ‘टिअर फ्री’ म्हणजे डोळ्याला झोंबणार नाही एवढंच. ‘हायपोअॅलर्जेनिक’ आणि ‘डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड’ या शब्दांवर पैसे वाढवून देऊ नका. आणि ‘केमिकल फ्री’ ऐकून भुलू नका. पाण्याचा अंश असलेल्या लोशनमध्ये संरक्षक द्रव्य नसेल तर नागपूरच्या उन्हाळ्यात त्यात जंतू वाढतील, आणि ते बाळाला जास्त घातक.

पहिली आंघोळ जन्मानंतर किमान २४ तासांनी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगावरचा पांढरा मेणचट थर खोबरेल तेलाने घासून काढू नका, तो आपोआप जिरतो. नाळ गळेपर्यंत ओल्या मऊ कापडाने अंग पुसणं सोयीचं. नाळ कोरडी ठेवायची. तेल, हळद, राख, पावडर काही नाही. नाळेच्या मुळाभोवती लाली पसरली, पू आला किंवा घाण वास आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

नंतर टबात चार बोटं पाणी, आधी गार मग गरम ओतून, ३७ ते ३८ अंश. कोपर बुडवून पाहा, गरम वाटायला नको. मे महिन्यात एक सावधगिरी हवीच. गच्चीवरची टाकी दुपारी इतकी तापते की ‘गार’ नळालाही पोळणारं पाणी येतं. म्हणून आंघोळ सकाळी उरका, नाही तर बादली रात्रीच भरून ठेवा. कूलरच्या झोतात ओलं बाळ धरू नका, त्या वेळापुरता कूलर बंद. पाच मिनिटांत आंघोळ संपवा. क्लीन्झर हरभऱ्याएवढं, तेही आठवड्यातून दोन-तीनदा. उन्हाळ्यात रोज नुसतं पाणी चालेल. पाण्यात अँटिसेप्टिक लिक्विड टाकायची सवय पुष्कळ घरांत आहे, ती सोडा. त्वचा जळते, फायदा शून्य.

मालीशवाल्या बाईंशी भांडायची गरज नसते, पण डाळीच्या पिठावर मात्र ठाम राहा. पीठ कितीही बारीक असो, त्याची कणी घासते आणि वळीत अडकलेलं ओलं पीठ आंबतं. अंगावरची लव चोळून जाते ही समजूत चुकीची, ती तशीही काही आठवड्यांत गळते. हळदीचं उटणं पहिल्या पंधरवड्यात तर नकोच, कारण त्वचेवर पिवळेपणा चढला की खरी कावीळ झाकली जाते. ‘मावशी, पीठ नको, नुसतं तेल लावा, अन् हात हळू फिरवा,’ एवढं म्हटलं की बहुतेक जणी ऐकतात.

तेल खोबरेल किंवा सूर्यफुलाचं, बिनवासाचं. मोहरीचं झोंबतं आणि त्वचेचा थर बिघडवतं, ऑलिव्हही नवजात त्वचेला बरं नाही. डिसेंबरात खोबरेल गोठलं की लोक मोहरीकडे वळतात. त्यापेक्षा बाटली पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. कापूर किंवा मेंथॉल घातलेलं हेअर ऑइल बाळापासून दूरच. पूर्ण अंगाला एक छोटा चमचा पुरतो. उन्हाळ्यात ते आंघोळीच्या अर्धा तास आधी लावून धुवून टाका, नाही तर घामाची छिद्रं बुजून घामोळ्या येतात. हिवाळ्यात उलट: आंघोळीनंतर अंग टिपून, त्वचा ओलसर असतानाच लावा. नाका-कानात तेल सोडू नका. टाळू तेलाने भरत नाही, ती वर्ष-दीड वर्षात आपली बुजते. डोक्यावर पिवळट खपल्या असतील तर तेल २० मिनिटं ठेवून मऊ ब्रशने सोडवा आणि धुऊन काढा. तसंच ठेवलं तर थर वाढतो. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाला काही लावायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

पावडर घेऊ नका, बारीक कण श्वासात जातात. काजळात शिसं असू शकतं. लंगोटाच्या जागेला पाणी आणि कापूस, मग झिंक ऑक्साइडचा जाड थर, आणि दर वेळी तो खरवडून काढायचा नाही. वळीच्या आत लालभडक आणि आजूबाजूला सुटे ठिपके असतील तर ती बुरशी, मलम डॉक्टर देतील. मेडिकलवरून ‘सगळ्यावर चालतं’ म्हणून मिळणाऱ्या मलमात बहुधा स्टेरॉइड असतं, ते आणू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारे लाल ठिपके आणि पहिल्या दोन आठवड्यांतली सालपटं आपोआप जातात, त्यावर क्रीम चोळू नये. पण पुवाचे फोड, ३८ अंश सेल्सिअसपुढे ताप, दूध न पिणं, यातलं काही दिसलं तर लगेच दाखवा.

एक गोष्ट बाटल्यांच्या यादीत येत नाही, पण विदर्भात सांगायलाच हवी. ट्रंकेतले जुने दुपटे, टोपरी, स्वेटर डांबरगोळ्यांसोबत ठेवलेले असतात. जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळात त्या वासाने रक्तपेशी फुटून कावीळ चढू शकते. असे कपडे बाळाला घालू नका आणि त्याच्या खोलीत तर गोळ्या ठेवूच नका. नवे कपडेही एकदा धुऊनच घाला, खळ निघून जाते. सुगंधी सॉफ्टनर नको, पाण्यातून दोनदा खंगाळा.

नवी वस्तू एका वेळी एकच आणा, कोपराच्या आत लावून दोन दिवस पाहा. बाटली शंभर मिलीची घ्या, उघडल्याची तारीख मार्करने लिहा, आणि ती बाथरूममध्ये नाही, थंड कपाटात ठेवा. उन्हाने तापलेल्या बाथरूममध्ये लोशन फाटतं. फाटलेलं लोशन वास आला नाही तरी टाकून द्या.